डाव्या हाताचा काप

ता. १२ ऑगस्ट

ती. वन्सं यांना नमस्कार.

आम्ही इथे बरे आहोत. तुम्हीही बऱ्या असाल, नसलात तर कळवा. पत्राच्या सुरुवातीला आणखी काय काय लिहायचं असतं ते चौथीच्या पुढे शिकवत असतील, मी चौथीतच सुटले. नऊ वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, तुम्हीही मला नाही, तेव्हा फिटंफाट.

आता बातमी. म्हातारा पडला.

घाबरू नका, तुमचा भाऊ धडधाकट आहे. झाड म्हणतेय मी. वरच्या कुंपणाजवळचं, ज्याच्या बुंध्याला आपण तिघांनी हात धरून वेढा घातला तरी पुरत नव्हता ते. जुलैच्या वाऱ्यात भरदुपारी गेलं. कडाड झालं आणि कुंपणापासून पाटापर्यंत आडवं. खाली कॉफीची चाळीस झुडपं भुईसपाट. तुमचा भाऊ दिवसभर त्याच्यावर बसून राहिला. मी म्हटलं, उठा, बसून ते उभं राहणार नाही.

पण रडगाणं गायला हे पत्र लिहीत नाहीये. मला एक मोठी गोष्ट सापडलीय ती सांगायचीय. आधी मागचं सांगते, नाहीतर कळणार नाही.

जूनमध्ये विद्यापीठातून एक मोजणीवाली पोरगी आली. काटकुळी, चष्मा, खांद्यावर दोरीचं भेंडोळं. डोंगरावर कॉफीखाली जंगल किती शिल्लक आहे ते मोजत फिरते. कॉफीवाल्यांच्या सोसायटीने तिला सरळ आपल्याकडे धाडलं, कारण सावली राखून कॉफी करणाऱ्यांत आपणच जुने. मी पण ताठ मानेने दाखवलं. म्हटलं, मोज. पलीकडच्या उतारावर झाडं तोडून उन्हात कॉफी लावलीय, तिथे चार जातींची झाडं मिळाली तर नशीब. आपल्याकडे मोठ्या झाडांच्या चौतीस जाती निघाल्या. चौतीस! मी तिला दोनदा चहा पाजला.

मग ती पालथी पडली. तुमच्या भावाला वाटलं पोरीला चक्कर आली, तो तांब्या घेऊन धावला. तर ती म्हणते, "काका, मी पिल्लं मोजतेय."

दहा पावलं लांब, दहा पावलं रुंद असा दोरीचा चौकोन टाकायचा आणि आत आपोआप उगवलेलं एकूण एक रोप बघायचं. असे वीस चौकोन. वरच्या राखीव जंगलात तिला बासष्ट जातींची रोपं मिळाली होती. आपल्याकडे पाच. त्यातली तीन मी माझ्या हाताने लावलेल्या झाडांचीच.

मी म्हटलं, "तुझी दोरी चुकली."

"दोरी तीच आहे, काकू. तुमच्या उतारावर सगळी म्हातारी मंडळी आहेत. पाळण्यात कुणी नाही. ही गेली की तुमची सावलीही गेली."

"आणि ते का बरं?"

"वर्षातून तीनदा जमीन साफ करता ना?"

माझी जमीन म्हणजे आरसा, तुम्हाला ठाऊक आहे. सुई पडली तर सापडेल. तुम्ही त्याच्यावरूनच भांडायचात. मी त्या पोरीला नाही नाही ते बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा पालथी पडली. मला तिचा रागही येईना.

महिन्याभराने म्हातारा पडला. ती धावत आली, हात लावून बघितलं आणि म्हणाली, वरच्या जंगलातली या जातीची मोठी झाडं लाकडासाठी केव्हाच गेली, माझ्या मोजणीत तरी हे एकच होतं. याचं एखादं रोप कुठे आहे का, काकू?

कुठलं असणार. पण मी शोधायला लागले. सहा दिवस. पाटाच्या खाली, पाणी साचतं त्या खोलगट जागेत खाजकुयली माजलीय, म्हणून तिथे कुणी कोयता घेऊन जात नाही. मी तोंडाला फडकं बांधून घुसले. अंगाची लाही लाही झाली, कोपरापर्यंत फोड आले. पण वन्सं, आत म्हाताऱ्याचं पोर उभं होतं! माझ्या तिप्पट उंच, सरळ, पानं अशी रुंद. मी एवढ्या मोठ्याने ओरडले की तुमचा भाऊ चप्पल न घालता आला.

बुंध्याशी तुमची निळी चिंधी होती. सासूबाईंची ती टेरिकॉटची चादर आठवते का? त्या म्हणायच्या, मी जाईन पण ही फाटायची नाही. खरंच फाटली नाही. साल तिच्यावरून वाढलीय, तरी टोक निळं आहे. तुम्ही चिंध्या बांधून राखलेली जी रोपं तेव्हा मजुरांनी चुकून कापली, त्यातलंच ते. वरून कापलं होतं, खालून फुटलं. मुकादमाचं लक्ष नसायचं, त्याचं त्याला मिळालं. ते जाऊ दे.

आता कामाचं. वरच्या अर्ध्या भागात मी साफसफाई बंद केलीय. भसाभसा काय काय उगवतंय. मोठी झाडं मी ओळखते, पण पिल्लं एक दिसतात आणि मोठेपणी भलतंच होतं, माणसासारखं. पोरीच्या पुस्तकातही सगळी नाहीत. ती तुम्हीच ओळखता. सोबत अकरा पानं वहीत दाबून पाठवतेय. नावं लिहून परत पाठवा. तिकीट आत घातलंय.

तुमची भावजय


ता. ३ सप्टेंबर

ती. वन्सं यांना नमस्कार.

तुमचं कार्ड आलं. मी अकरा पानं पाठवली, तुम्ही एक ओळ पाठवलीत. "बुंध्याशी जुना काप कुठल्या बाजूला उतरतोय, नीट बघून कळव."

कार्ड वाचलं तेव्हा मी कॉफीच्या सुकवणीच्या ताडपत्र्या शिवत होते. सुई बोटात गेली.

आधी तीन दिवस गेलेच नाही. कामं होती. ताडपत्र्या होत्या, पाट तुंबला होता, बोट दुखत होतं. चौथ्या दिवशी तुमच्या भावानेच विचारलं, "बघितलंस का?" हा माणूस वर्षातून बारा वाक्यं बोलतो, त्यातलं एक माझ्यावर खर्च केलं. मग गेले. नवीन खोडाच्या शेजारी जुना खुंट आहे, काळा पडलेला, अंगठ्याएवढा. मी खाली बसून बघितला.

काप उजवीकडे उतरतोय.

उजव्या हाताने कोयता मारला की काप डावीकडे उतरतो. या डोंगरात डाव्या हाताने कोयता कोण चालवतं ते तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत आहे. खुंट बघायची गरज नव्हती.

मी कापली.

मजुरांनी नाही, चुकून नाही. तुम्ही बाजाराला गेला होतात त्या सकाळी. आदल्या दिवशी सोसायटीची माणसं बघायला आली होती आणि तुम्ही सगळ्यांच्या देखत म्हणालात, "हिच्यापासून लपवून ठेवायला लागतं, हिला झाड आणि गवत सारखंच." सगळे हसले. तुमचा भाऊही हसला. मी चहाचे कप घेऊन उभी होते. तुमच्यासारखी मी इथे वाढले नव्हते, मला नावं येत नव्हती, मला एवढंच येत होतं की जमीन आरशासारखी ठेवायची. त्याच्यावरच तुम्ही हसलात.

तुम्ही त्यांना चिंध्या बांधल्या होत्या म्हणून शोधायला सोपं गेलं. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय. नुसती असती तर मला दिसलीही नसती. एकेक निळी चिंधी बघून गेले, एक्केचाळीस. जेवणाच्या आधी संपलं सुद्धा. पाटाखालचं शेवटचं. हात दुखायला लागला होता म्हणून ते घाईत वरून कापलं गेलं. त्याला वाचवावं असं माझ्या मनात आलं होतं, असं लिहिलं तर बरं दिसेल. पण तसं काही नव्हतं.

मग मुकादमाचं नाव घेतलं. त्याला कामावरून काढायला लावलं.

तुम्ही परत आलात, एका खुंटापाशी बसलात, कापावरून बोट फिरवलंत. मग म्हणालात, "कोयता कुणाचा ते जाऊ दे. तोंड कोण उघडतंय ते बघते." आठ दिवस राहिलात आणि मग बॅग घेऊन गेलात. नऊ वर्षं मी समजत होते की तुम्हाला संशय आला आणि तुम्ही रागाने गेलात. संशय कसला. बोट फिरवलंत तेव्हाच तुम्हाला कळलं होतं. त्यानंतरचे आठ दिवस तुम्ही माझी वाट बघत होतात.

तुमच्या भावाला काल रात्रीच्या जेवणानंतर सांगितलं. म्हटलं, ती रोपं मी कापली होती. तो ताट उचलता उचलता म्हणाला, "हो."

"हो काय?"

"खुंट मीही बघितले होते."

"मग नऊ वर्षं तोंडात काय धरून बसला होतात?"

"तू बोलशील म्हणून थांबलो."

काय घराणं आहे तुमचं! सगळेच थांबतात. एकाने माझ्या कानाखाली वाजवली असती तर आठ दिवसांत निकाल लागला असता.

मुकादम खाली रस्त्याला धार लावायचं दुकान चालवतो. नऊ वर्षं मी माझे कोयते दोन तासांवरच्या बाजारात नेऊन धार लावते, त्याच्यासमोर जायला नको म्हणून. सोमवारी त्याच्याकडे जाईन. जाईनच.

पानांची नावं नाही लिहिलीत तरी चालेल.

कापणारी मीच.


ता. २० नोव्हेंबर

ती. वन्सं यांना साष्टांग नमस्कार, या वेळी मनापासून.

सव्वा वर्ष झालं. उशीर आळसाने नाही. मोजणी पुन्हा झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं, आणि काल झाली. वन्सं, बसून वाचा.

आधी तुमच्या पार्सलबद्दल. अकरा पानं परत आली, प्रत्येकावर चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव. खाली उरलेली निळी चादर, घडी घातलेली. पत्र नव्हतं. शोधलं, पण नव्हतं. मग कळलं की चादर हेच पत्र.

त्या सोमवारी मुकादमाकडे गेले. चाकावर ठिणग्या उडत होत्या. मी कोयता पुढे केला, त्याने मान वर न करता मूठ बघितली आणि म्हणाला, "डाव्या हाताचा. बऱ्याच दिवसांनी आला."

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चाक थांबलं नाही. माझं बोलून झालं तेव्हा म्हणाला, "बाई, या कोयत्याला दहा वर्षं मी धार लावलीय. त्याचा काप मी ओळखणार नाही?"

"मग बोलला का नाहीस?"

"माझं कुणी ऐकलं असतं?"

म्हटलं, परत ये कामावर. तो म्हणाला, "येईन. पण काढलं चारचौघांत होतंत. बोलवायचं तेही चारचौघांत." आणि धार फुकट लावून दिली. ती मला जास्त लागली.

चारचौघं म्हणजे सोसायटीची सभा, ती कॉफीची तोडणी संपल्यावर मार्चमध्ये भरली. चौदा उतारांचे चौदा मालक, त्यांच्या बायका, मुकादमांच्या टोळ्या आणि त्या चौदांतलेच सोनेरी चष्म्याचे अध्यक्ष, जे बोलायच्या आधी घसा खाकरतात आणि बोलून झाल्यावरही. विषय होता खताच्या पोत्यांचा. मी मधेच उठले. बाकाची पाठ घट्ट धरली.

म्हटलं, "मला भाषण येत नाही. नऊ वर्षांपूर्वी माझ्या नणंदेने राखलेली एक्केचाळीस रोपं मी मुद्दाम कापली आणि नाव या माणसाचं घेतलं. तो तिथे मागे उभा आहे. त्याने काही केलं नव्हतं. आता कुणाला काय बोलायचं ते बोला."

मग मागून मोठ्या नाकाचा शेजारी म्हणाला, "एक्केचाळीस मोजून कापली? आम्ही तर न मोजताच कापतो." कुणीतरी हसलं, मग सगळेच. पण या वेळचं हसणं वेगळं होतं. ते माझ्यावर नव्हतं, प्रत्येकाचं आपापल्या कोयत्यावर होतं. मुकादम हसला नाही. तो पुढे येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला. बस्स, तेवढंच.

उभीच होते, तर म्हटलं राहिलेलंही सांगून टाकावं. पाळण्यात कुणी नाही ते सांगितलं. म्हाताऱ्याचं सांगितलं. म्हटलं, आपण सगळे छातीठोक सांगतो की आम्ही जंगल राखून कॉफी करतो. आपण फक्त आजोबा राखलेत, नातवंडं दर चार महिन्यांनी छाटतोय. यापुढे साफसफाईच्या आधी एक माणूस चिंध्या घेऊन पुढे चालेल. जे राखायचं त्याला बांधेल. कोयता त्याच्या मागून. आणि पाटाच्या काठाने दहा पावलांची पट्टी कुणी हातच लावायचा नाही.

अध्यक्षांनी घसा खाकरला. "अहो, पण उतार अस्ताव्यस्त दिसेल."

"जंगलाला भांग पाडून कुणाच्या लग्नाला न्यायचंय, अध्यक्ष?"

"आणि कॉफी कमी आली तर?"

"माझी अर्ध्या उतारावर एक हंगाम झालाय. थोडी कमी आली, खोटं बोलणार नाही. पण म्हातारा पडला तिथे चाळीस झुडपं चिरडली, आजूबाजूची उन्हाने मेली, ती कुणी भरून देणार आहे का? सावलीची झाडं एकेक करून जातील तेव्हा काय छत्र्या धरणार आहात?"

हात वर करायला सांगितले. अकरा आले. मग अध्यक्षांनी चष्मा पुसला, आजूबाजूला बघितलं आणि स्वतःचाही केला. बारा! घरी येताना माझी पिशवी तुमच्या भावाने घेतली होती.

दुसऱ्या दिवसापासून मुकादम निळ्या चिंध्या खांद्यावर टाकून पुढे आणि मी कोयता घेऊन मागे. तुमची चादर पहिल्या चार दिवसांतच संपली. मग आमच्या आणि तुमच्या खोलीतले पडदे गेले. मग मोठ्या नाकाच्या शेजाऱ्याने त्याचा जुना शर्ट दिला, म्हणाला, माझी बायको तसाही फेकायचा म्हणत होती. आता चौदा उतारांवर कुठेही बघा, लाल, पिवळं, ठिपक्यांचं फडफडतंय. आणि त्या दोघांनीही बांधायला घेतलंय ज्यांनी हात वर केला नव्हता. विचारलं तर म्हणतात, सहज.

मला कोयता हातात असून खाली बघून चालायची सवय लावून घ्यायला लागली. चार पावलं टाकायची आणि थांबायचं. माझ्यासारखीला! मुकादम पुढून ओरडतो, "बाई, पायाखाली." मी मागून ओरडते, "दिसतंय रे!" दहातल्या चार वेळा दिसलेलं नसतं.

आता मोजणी. पोरगी तीच दोरी घेऊन आली, मी मुद्दाम विचारलं. तेच वीस चौकोन. दोन दिवस पालथी पडून होती. तुमच्या भावाने या वेळी पाणी नेलं नाही, चटई नेली. काल संध्याकाळी ती वही घेऊन ओट्यावर बसली आणि आकडा सांगायच्या आधी चष्मा काढून डोळे पुसायला लागली. मी म्हटलं, "रडायचं नंतर, आधी आकडा."

त्रेचाळीस, वन्सं. पाचाच्या त्रेचाळीस जाती! झाडांच्याच. नेचे, वेली, फांदीवर बसणारी ती फुलं तिने वेगळी मांडलीत, ती यात धरलीच नाहीत.

आणि म्हातारा. पडला तेव्हा फळांनी लगडलेला होता, ते आमच्या लक्षातही आलं नव्हतं. जिथे आडवा झाला तिथे मी कोयता लावला नाही, तर त्याच्या दोन्ही अंगांनी, कुजणाऱ्या फांद्यांमधून, एकशे बारा रोपं उभी आहेत. मी स्वतः मोजली, पोरीच्या आधी. तीनदा. विटीएवढी, वीतभर, काही गुडघ्याला लागतात. सगळी जगणार नाहीत, पोरगी म्हणते दहा जगली तरी पुष्कळ. मी म्हणते वीस. पैज लागलीय.

पाटाखालचं तुमचं ते पोर आता आमच्या पत्र्याच्या वर गेलंय. जुना खुंट मी तसाच ठेवलाय. शेजाऱ्याने विचारलं, हे काळं काय? म्हटलं, माझी सही आहे.

एक अडचण राहिलीय. त्रेचाळीसांपैकी नऊ कुणालाच ओळखता येत नाहीत. पोरीच्या पुस्तकात नाहीत, मुकादमाला माहीत नाहीत, तुमचा भाऊ रात्रभर विचार करून म्हणाला, "ताईला विचार." त्यांच्यापुढे पाट्या रोवल्यात, कोऱ्या. एकाची पानं करवतीसारखी आहेत, एकाला हात लावला की बोटाला हिरवा वास राहतो. ती पानं मी दाबून पाठवणार नाही. दाबलं की रंग जातो आणि वास तर जातोच.

तुमची खोली तशीच आहे, फक्त पडदे नाहीत, कुठे गेले ते वर लिहिलंय.

वाट बघतेय असं लिहायचा माझा स्वभाव नाही. वाट बघायचं काम तुमच्या घराण्याचं, तुम्ही आठ दिवस बघितलीत आणि मी तोंड उघडायला नऊ वर्षं घेतली. पण बस सकाळी नऊला फाट्यावर थांबते, आणि रविवारपासून मी साडेआठला तिथे असेन. हातात कोयता नसेल. लाकडी पाट्या आणि रंगाची डबी असेल, ब्रश तुम्ही धरायचा, माझं अक्षर तुम्ही बघतच आहात.

तुमची,
डावखुरी